कोणाचो तू?

दिवाळीची सुट्टी संपवून हापिसात आलो. कॅन्टीनमध्ये नेहमीचा प्रश्न, "काय मग, कुठे जाऊन आलास?" म्हटलं, मालवणला. लगेच एकाने बोटं मोजायला घेतली. "किल्ला झाला? स्कूबा? त्सुनामी आयलंड? सुरमई थाळी?" किल्ला नाही, स्कूबा नाही, आयलंडही नाही. थाळी पण नाही, घरीच जेवलो. "मग चार दिवस केलंस काय?"

"हिंडलो. मेढ्यात, दांडीवर, धुरीवाड्यात, देऊळवाड्यात."

तो माझ्याकडे बघत राहिला. ही नावं त्याने ऐकलीच नव्हती. वास्तविक तो मार्चमध्येच मालवणला जाऊन आला होता. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघाले, फोंडा घाट उतरून सकाळी तारकर्लीत. दिवसभर पाण्यात. रविवारी सकाळी होडीने किल्ला, दुपारी जेवण, संध्याकाळी परत. मालवण शहर त्याला दोनदा दिसलं. एकदा गाडीच्या काचेतून जाताना आणि एकदा येताना.

त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण मीही गेली कित्येक वर्षं तेच करत होतो. आणि मी तर मालवणचा! म्हणजे आजोबांचं घर मेढ्यात, वडील मुंबईला गेले, मी पुण्यात आलो. दोन वर्षांतून एकदा मित्रांना घेऊन जायचं, "आमच्याकडे बघा कसा समुद्र आहे" म्हणून कॉलर ताठ करायची, आणि तारकर्लीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. घर बंद. चावी तात्यांकडे (वडिलांचे चुलतभाऊ, दांडीच्या बाजूला राहतात). घराकडे जायचं म्हणजे धूळ, जाळी, उंदीर. कोण जाणार?

आता जरा लांबून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं होतं, अमेरिकेत सिनसिनाटीला. कुणाच्या स्वप्नात येणारं हे शहर नव्हे. न्यूयॉर्क नाही, कॅलिफोर्निया नाही. मिडवेस्टमधलं, ओहायो नदीकाठचं एक शहर. नदीपलीकडे केंटकी राज्य. मधे १८६६ साली पुरा झालेला एक झुलता पूल, ब्रुकलिन ब्रिजचा आराखडा करणाऱ्या जॉन रोबलिंगनेच त्याआधी बांधलेला. पहिला महिना मी अपार्टमेंट, हापिस, वॉलमार्ट या त्रिकोणात काढला. मग टीममधल्या एका म्हाताऱ्या टेस्टरने मला सुनावलं, "हे शहर डाउनटाउनमध्ये नाही. ते वस्त्यांत आहे. एका शनिवारी एक वस्ती. पायी."

सिनसिनाटीत अशा ५२ वस्त्या मोजतात. मी नकाशा छापून घेतला (सवयच आपली, काम म्हटलं की स्प्रेडशीट) आणि खरोखर एकेक करत निघालो. टेकडीवरचं माउंट अ‍ॅडम्स, विद्यापीठाजवळचं क्लिफ्टन, आणि सगळ्यात आवडलेलं ओव्हर-द-ऱ्हाइन. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक इथे येऊन राहिले. डाउनटाउनहून इकडे यायचं तर एक कालवा ओलांडावा लागे, त्या कालव्याला गमतीने लोक 'ऱ्हाइन' म्हणायचे. म्हणून ऱ्हाइनपलीकडची वस्ती. कालवा केव्हाच बुजवला, नाव राहिलं. तिथे फिंडले मार्केट नावाची एकोणिसाव्या शतकापासूनची मंडई आहे. तिथले भाजीवाले दोन-तीन शनिवारांनंतर मला ओळखायला लागले. दालचिनी घातलेली चिली स्पॅगेटीवर ओतून खायचा त्या गावचा प्रकार आहे, तोही मी भक्तिभावाने खाल्ला. घरच्या मसाल्याची आठवण येऊन डोळे पाणावले, पण खाल्ला.

दोन वर्षांनी परतलो तेव्हा त्या शहरातल्या निम्म्याहून जास्त वस्त्या मला पायाखालच्या झाल्या होत्या. आणि मालवणात? आमच्या घरापासून दांडीचा किनारा किती लांब, हे मला मोबाइलवर बघावं लागलं असतं.

असो. तर या दिवाळीत मी मालवणला गेलो तो काही हिंडायला नाही. घरासाठी गिऱ्हाईक आलं होतं. कागदावर आमची नऊ नावं. मुंबईचे, बडोद्याचे, एक दुबईचा, एक पुण्याचा (मी). गिऱ्हाइकाला घर नकोच होतं, जागा हवी होती. घर पाडून तीन मजली लॉजिंग. किनारा चालत काही मिनिटांवर, राजकोट जवळ. २०२३ च्या नौदल दिनाला राजकोटावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो कोसळला, २०२५ मध्ये नवा, जास्त उंच उभा राहिला. या सगळ्या घडामोडींत मेढ्यातल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागायला लागली. भर म्हणून २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आला. जागेला भाव येणारच. भाव चांगला होता. मी मनातल्या मनात त्या पैशांतून गृहकर्जाचे हप्तेही वजा करून ठेवले होते. जायचं, सही करायची, एक दिवस तारकर्लीला लोळायचं, परत.

तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सगळी जणां पाडव्याक येतली. तवसर थांब." दोन दिवस मोकळे मिळाले. तारकर्लीला जायला गाडी काढली आणि त्या म्हाताऱ्या टेस्टरची आठवण झाली. गाडी परत लावली. म्हटलं, आज पायी.

भरडावरून सुरुवात केली. भरड म्हणजे शहराचा वरचा नाका, दत्तमंदिर, रिक्षा, एसटीतून उतरलेली माणसं. तिथून उतार लागतो आणि बाजारपेठेत घुसतो. बाजारपेठेचा रस्ता एवढा चिंचोळा की समोरासमोरचे दुकानदार गादीवरून न उठता गप्पा मारतात. दिवाळी असल्यामुळे कंदील, रांगोळ्यांचे रंग, पोह्यांची पोती, आणि मधेच खाजाच्या दुकानातला आल्या-गुळाचा वास. खाजा म्हणजे बेसनाच्या काड्या तळून गुळाच्या पाकात घोळवायच्या, त्यात आलं. जत्रेत मिळतो तोच. पुण्याला नेलेला चार दिवसांत संपतो आणि त्याच्याबरोबर मालवणही संपतं.

उतार संपतो तो बंदरावर. समोर पाण्यात किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं, तीन वर्षांत एवढा तट उभा राहिला. मी तो अनेकदा पाहिलाय, पण नेहमी होडीत बसायच्या घाईत. या वेळी धक्क्यावर बसून राहिलो. सुट्टीची गर्दी उसळली होती. लाइफ जॅकेटं चढत होती, उतरत होती. येणारा प्रत्येक जण गावाकडे पाठ करून उभा. फोटो किल्ल्याचा, स्वतःचा, पुन्हा किल्ल्याचा. मागे एक अख्खं शहर आहे, याची दखल कोणी घेत नव्हतं. चूक त्यांची नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही की मागे बघण्यासारखं काही आहे.

दुपारनंतर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायला थांबलो. वाळूत टोपल्या, भोवती बायका, आणि बोली अशा वेगाने चालते की आपल्याला किंमत कळेपर्यंत मासे गेलेले. मी शहाण्यासारखा एका बाजूला उभा. एका मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोणाचो रे तू?"

हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. पुण्यात विचारतात, कुठल्या कंपनीत? सिनसिनाटीत विचारायचे, काय करतोस? 'कोणाचो' याचं उत्तर माझ्या रेझ्युमेत कुठेच नाही. मी आजोबांचं नाव सांगितलं. मावशींचा चेहरा बदलला. "मेढ्यातले मा? तरीच. नाक तेंचांच हा." मग पुढचा प्रश्न: "घर उघडलंस?"

म्हटलं, नाही अजून.

"उघड. पाडव्याक पालखी येतली. दिवो लाव."

बांगडे घेतले, त्यांनी दोन जास्तच घातले, आणि मी मेढ्याकडे वळलो.

मेढा हा मालवणातला जुना भाग. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्यामधून जाणाऱ्या पाणंदी, माडांची सावली, मंगलोरी कौलांची घरं. 'कालनिर्णय'वाले जयंतराव साळगावकर इथलेच, त्यांनी उभारलेलं जयगणेश मंदिर याच भागात. पाणंदीतून जाताना मी एक खेळ केला. उघडी घरं आणि बंद घरं मोजत गेलो. आकडा सांगत नाही, कारण एका पाणंदीवरून शहराचं गणित मांडणं बरोबर नाही. पण आमच्या घराला लागून तीन कुलुपं होती. एका खळ्यात तुळशीवृंदावन होतं, तुळस नव्हती.

आमचं घर उघडलं. ओटी, पडवी, माजघर. कौलं दोन ठिकाणी सरकलेली, खालच्या भिंतीवर ओल. वासे मात्र ठणठणीत. तात्या दारात उभे राहून म्हणाले, "घर बंद रवलां की मरता. पाडूक नको लागणा, आपसूक पडता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडीवर गेलो. दांडी म्हणजे मच्छीमारांची वस्ती. इथेच किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. किल्ल्याचं काम सुरू करण्याआधी त्याची पूजा केली होती, असं सांगतात. किल्ल्यावर हजारो जातात, धोंड्यापाशी मी एकटा होतो.

पुढे रापण चालली होती. रापण पाहिली नसेल तर एकदा जरूर बघा. होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग वाळूत पाय रोवून पंचवीस-तीस माणसं ते ओढतात. म्हातारी, पोरं, सगळी. मिळेल त्याचे वाटे पडतात. इथे एकट्याने काही होत नाही. या पारंपरिक मच्छीमारांचं यांत्रिक पर्ससीन जाळ्यांशी भांडण जुनं आहे. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पुढे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरही बंदी आली, तरी किनाऱ्यावर तक्रार संपलेली नाही. दोर ओढणाऱ्यांत एक तरुण होता, तो ओढून झाल्यावर थेट स्कूबाच्या होडीवर निघाला. सीझनला पर्यटकांना बुडी मारायला नेतो. त्याच्याशी बोलताना मी तोंड वाकडं करून काहीतरी म्हणालो, की सगळा किनारा आता वॉटर स्पोर्ट्सने भरला, पूर्वी कसं शांत होतं वगैरे. पुण्याहून आलेला माणूस बोलतो तसंच.

तो हसला. म्हणाला, "तुमका जुनां बघूचां आसतां. आमका रोजचां भागवूचां आसतां."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. त्याच्या वडिलांनी नुसत्या रापणीवर संसार केला, त्याला ते जमत नाही. बुडीचा धंदा नसता तर तो मुंबईला गेला असता, माझ्या वडिलांसारखा. मग दांडीवरही कुलुपं लागली असती. पर्यटनाने गाव बिघडतं हे म्हणायला सोपं आहे. पर्यटनामुळे एक माणूस गावात राहिला, हेही तेवढंच खरं आहे.

मग दुपारी देवबागला गेलो (हे पायी नाही, रिक्षाने, कबूल करतो). एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधे माडांची एक लांब पट्टी. काही ठिकाणी पट्टी इतकी अरुंद की लाटांचा आवाज एका कानात आणि नदीची शांतता दुसऱ्या कानात. टोकाला नदी समुद्राला मिळते. मालवण हा समुद्राचा गाव म्हणून सगळे येतात, पण त्याचा नकाशा बघा. उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला कर्ली. खाडीच्या पलीकडे रेवंडी, मच्छिंद्र कांबळींचं गाव. 'वस्त्रहरण' लंडनला जाऊन आलं त्यातली बोली ही या दोन पाण्यांमधली बोली आहे. देवबागेत जवळजवळ घराघरावर 'निवास व न्याहारी'ची पाटी. मी एका घरी चहा प्यायलो. पुढे दोन खोल्या पाहुण्यांना, मागे घरची माणसं. न्हाणीघराबाहेर मुलीचा युनिफॉर्म वाळत होता. काकी एकीकडे घावणे घालत होत्या आणि दुसरीकडे मुलीचा गुणाकार तपासत होत्या. ते घर पर्यटनावर चालतं, आणि ते घरच आहे.

परत येताना मला ओव्हर-द-ऱ्हाइनचा उरलेला भाग आठवला, जो मी मघाशी सांगितला नाही.

त्या वस्तीत १९०० च्या सुमाराला चाळीस हजारांवर लोक राहत होते. २००० साली साडेसात हजारांच्या आसपास उरले होते. बहुतेक गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय. इमारती सुंदर, पण मोडकळीला आलेल्या. २००१ च्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला आणि तिथे दंगल उसळली. २००३ साली शहरातल्या मोठ्या कंपन्यांच्या पुढाकाराने एक विकास संस्था स्थापन झाली. तिने इमारती घेतल्या, दुरुस्त केल्या, बाग नवी केली, २०१६ साली ट्राम आली. मी गेलो तेव्हा तिथे कॉफी, बिअर, गॅलऱ्या, सगळं झकास. मीही शनिवारी तिथेच पडीक. पण तोच म्हातारा टेस्टर एकदा म्हणाला होता, "या गल्लीत माझ्या ओळखीची चौदा घरं होती. आता इमारती सगळ्या आहेत. माणसं कुठे गेली ते मला माहीत नाही."

तेव्हा मी मान डोलावून बिअर मागवली होती.

मेढ्यात आमच्या घराच्या पडवीत बसून मला त्या चौदा घरांचा अर्थ कळला. ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये घरं वाचली आणि माणसं गेली. आमच्याकडे आधी माणसं गेली, आता घरं जाणार. दोन्हीकडे शेवटी उरतं ते पाहुण्यांसाठी सजवलेलं गाव, ज्यात तुम्हाला 'कोणाचो तू' विचारायला कोणी नाही. मग पाहुणे तरी तिथे काय बघायला येणार? समुद्र गोव्यालाही आहे.

पाडव्याला दुपारी देऊळवाड्यातून रामेश्वर आणि नारायणाची पालखी निघाली. ही मालवणची वर्षातली मोठी घटना. देव स्वतः शहराची फेरी मारतो. वायरीकडून, दांडीच्या किनाऱ्याने, मेढ्याच्या बाजूने, आणि रात्री बाजारपेठेत. मी ज्या वाड्या दोन दिवस नकाशावर शोधत होतो, त्या सगळ्या जोडणारी वाट गावाने केव्हाच आखून ठेवली आहे. सिनसिनाटीत मला नकाशा छापून घ्यावा लागला. इथे ढोलामागून चाललं की झालं. ठिकठिकाणी बायका ओटी घेऊन उभ्या, मुंबईहून आलेली पोरं नव्या कुर्त्यात, फटाके, आणि संध्याकाळी बाजारपेठेत तर मुंगीला शिरायला जागा नाही. त्या गर्दीत मला तीन जणांनी विचारलं, कोणाचो? तिघांनाही आजोबा माहीत होते.

आमचं घर पालखीच्या वाटेपासून जरा आत आहे. पालखी जवळून जाणार म्हणून मी खळ्यात पणत्या लावल्या. आमच्या दोन्ही बाजूंना अंधार होता, समोर अंधार होता. ढोलांचा आवाज वळणावर आला, थांबला, पुढे गेला. लिलावातल्या त्या मावशी योगायोगाने पाणंदीतून जात होत्या. थबकून म्हणाल्या, "दिवो लावलंस मा? बरां झालां." आणि गेल्या.

रात्री जेवणं झाल्यावर बैठक बसली. पाच जण समोर, बाकीचे व्हिडिओ कॉलवर. मी मोठ्या आवेशात सांगितलं की मी सही करणार नाही. गावपण, वारसा, ओव्हर-द-ऱ्हाइन, सगळं काढलं. तात्या शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले,

"सही करूची नाय, ता माका सांगू नको. रवाक येतलंस काय, ता सांग."

कॉलवरचे पण गप्प झाले.

कारण पुण्यात बसून घर 'वाचवणं' हा फार स्वस्त छंद आहे. कौलं तात्या परतणार, घरपट्टी तात्या भरणार, पावसात ओल तात्या बघणार, आणि आम्ही दोन वर्षांतून एकदा येऊन पडवीत फोटो काढणार. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. विकलं असतं तर त्यांना म्हातारपणाला चार पैसे मिळाले असते. मी नाही म्हणतो तेव्हा ते पैसे मी त्यांच्या खिशातून काढतो, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

मी राहायला येणार नाही. खोटं का बोलू. माझी नोकरी, मुलीची शाळा, हप्ते. पण देवबागचं ते घर डोक्यात होतं. तात्यांच्या सुनेने मागे एकदा खानावळ काढायचा विषय काढला होता, घरच्यांनी हसण्यावारी नेला होता. मी तिलाच विचारलं, "वहिनी, हे घर तुम्हाला चालवायला दिलं तर?" ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांका. मागे आमी रवतलों. पण कौलां आधी." म्हणजे तिने विचार करून ठेवला होता. विचारलं कुणी नव्हतं, एवढंच.

कौलांचा आणि न्हाणीघराचा खर्च मी करायचा, मिळकतीतला ठरावीक वाटा आधी तात्यांना, मग बाकीच्यांना, असा प्रस्ताव मांडलाय. नऊपैकी सहा जण तयार आहेत. दोघांना विकायचंच आहे, आणि त्यांची कारणं खरी आहेत. एकाने अजून फोन उचललेला नाही. तेव्हा कथा सुफळ संपूर्ण वगैरे काही नाही. कदाचित पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे तीन मजली इमारत असेल.

पण निदान एक मत पक्कं झालं, ते सांगतो आणि थांबतो.

तुम्ही मालवणला जाणारच आहात. जा. किल्ला बघा, बुडी मारा, त्या पोराचा धंदा चालू दे. फक्त एक रात्र वाढवा आणि ती शहरात काढा, जिथे मागच्या खोलीत घरची माणसं राहतात अशा घरात. एक सकाळ पायी फिरा. भरडावरून बाजारपेठ, बंदर, मेढा, दांडी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी जमलं तर धुरीवाड्यातून चिवला किनारा. खानावळीत गेल्या गेल्या सुरमई मागू नका, आज काय आलंय ते विचारा. बांगडा असेल तर बांगडा, तारली असेल तर तारली. नसेल मासा तर काळ्या वाटाण्यांचं सांबारं खा, काही बिघडत नाही. लोकांच्या खळ्यात विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि कुणी थांबवून 'कोणाचो तू' विचारलं, तर "पुण्याचा" म्हणून सटकू नका. बापाचं, आजाचं नाव सांगा, गाव सांगा. ओळख निघणार नाही बहुतेक. पण बसायला सांगतील, आणि तुमच्याही गावाची चौकशी करतील.

आणि तुमचंही कुठे घर बंद असेल, कोकणात, देशावर, कुठेही, तर पुढच्या विकांताला रिसॉर्टचं बुकिंग करण्याआधी एकदा चावी कुणाकडे आहे ते आठवा.

मी पुढच्या महिन्यात परत चाललोय. कौलवाल्याने तारीख दिलीय. मालवणात दिलेली तारीख आणि सॉफ्टवेअरमध्ये दिलेली तारीख यांच्यात फारसा फरक नसतो, पण जाऊन तर बघू.